हुरड्याला आलेले साहेब

— शालिक नागपूरले परत काहून नाही आला म्हनता? बसा, साहेब, बसा, घोंगड्यावर बसा. मोटेवर हाय तो, येईन. दरसाल पौषात तुमी इंझोरीले हुरड्याले येता, दरसाल तो बैलबंडी घेऊन सामोरा येते, औंदा नाही आला, येवढंच. खा, गरम हाय तवर खा. चटनी त्याच्या मायनं, मनकर्णानं वाटली, तुमाले आवडते म्हून लसूण जास्त घातला. मी म्हटलं, कायले येवढा लसूण सोलतं वो? तं म्हने, पोराचे गुरू हायेत.

गुरू! मीच तं सांगत फिरलो गावभर. कामरगावच्या बाजारात वांगे घेऊन बसलो, तं गिऱ्हाइकाले वांग्याचा भाव मागून, पोराचं कौतुक आधी — आमचा शालिक एम.ए. झाला, आता नागपूरले साहेबाच्या हाताखाली डाक्टर होऊन राह्यला, दवाखान्यातला नाही हो, कापसाच्या बाजारावर ग्रंथ लिवून! लोक हासत. हासा म्हटलं. तुमी याच बोरीखाली बसून म्हटलं होतं ना, 'नानाजी, आजपासून हा माझा मुलगा'? डोळ्याले पानी आलतं माह्या. धूर लागला म्हून सांगतलं तुमाले, पन रडलो होतो मी.

मंग काय केलं मुलाचं? तुमच्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या त्यानं. तुमच्या धाकट्याचं गनित घेतलं. तुमच्या पुस्तकासाठी किन्हीराजापासून खेडोपाडी हिंडला, उन्हातान्हात — त्याचं मले काही नाही! गुरूच्या घरी पानी भरावंच लागते, मीच बजावलं होतं त्याले. पन त्याचं सोताचं काम? लिवलं, बांधलं, तुमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. 'पाहतो.' दिवाळी झाली — 'पाहतो.' दुसरी दिवाळी — 'पाहतो, घाई काय आहे?' तोंड पाडून घरी आला, तं मीच खेकसलो त्याच्यावर — साहेब तसे नाहीत, तुह्यातच खोट असन, जाय वापस! आन् गेला ना बिचारा, माह्या बोलन्यावर गेला... जाऊ द्या. हे तुमाले काहून सांगून राह्यलो मी?

आमच्यात कसं असते, साहेब — पाडव्याले सालदाराचं, वर्सभराच्या गड्याचं, साल भरते. त्या दिवशी त्याले समोर बसवाचं आन् तोंडानं सांगाचं. जगदेव, तुहं काम चांगलं, राह्य. नाही तं, जगदेव, जमलं नाही बावा, दुसरं घर पाह्य. वाईट वाटते गड्याले, पन मोकळा होते. न सांगता पाडवा ओलांडला, तं त्या मालकाच्या दारी दुसरा गडी उभा राहत नाही. तुमी किती पाडवे ओलांडले?

शालिक आता घरीच राह्यते, पुस्तकाले शिवत नाही. शेजारची रुपाबाई म्हने, माह्या पोराले चिठ्ठी लिवून दे रे, तं म्हनते, मले लिवता येत नाही, मावशी. एम.ए. झालेला पोरगा! मोटेवरून आला का मांडीवर हात ठेवून बसून राहते, जसा काही हातच त्याचे नाहीत. माय त्याची चुलीपाशी रडते. म्हून म्हनतो, मी त्याले हाक मारतो आन् तुमी येकच करा, साहेब. चांगलं का वाईट, त्याच्या तोंडावर सांगा. वाईट असन तं वाईट सांगा, कोनी तुमाले बोल लावनार नाही. ऐकन तो. माहंच पोरगं हाय, ऐकन.

काय? — मोठ्यानं बोला, मोटेच्या आवाजात ऐकू नाही आलं.

वाचलंच नाही?

येक पानबी नाही?

...बरं. बरं. मंग असं करा, साहेब, हे त्याले सांगू नका. हात जोडतो. वाईट हाय म्हना. सगळं वाचलं आन् वाईट निघालं, म्हना. येवढं करा — काय? खोटं कसं बोलू म्हनता? आन् इतके दिवस 'पाहतो' म्हनत होते, तवा कशी वळली जीभ?

उठा. मोट थांबली, तो इकडंच येईन आता. असे नका जाऊ — तिकडच्या धुऱ्यानं, बांधावरून जा, जवारीच्या आडून, म्हंजे त्याच्या नजरेस पडनार नाही. जा म्हटलं ना.