कठड्याची खालची पट्टी

आजच्या समारंभाचं अध्यक्षस्थान भूषवणारे आमचे गॅरेजवाले भाऊ, कामाच्या धबडग्यातून वेळ काढून आलेल्या आमच्या भागाच्या सन्माननीय लोकप्रतिनिधी ताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते दुचाकीस्वार हक्क संघटनेचे मावळते अध्यक्ष क्लचकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू, आणि मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला सांगण्यात आलंय की वहिनी, थोडक्यात बोला आणि गोड बोला. थोडक्याचं बघते. गोडाचं काही खरं नाही.

नवीन सभासदांसाठी काकांची ओळख करून देणं हे सचिव म्हणून माझं कर्तव्य आहे. काकांची गाडी शिकवण्याची शाळा. 'क्लच, अरे क्लच!' ही त्यांची आरोळी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची, तिथून हे नाव पडलं. या सभागृहातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्यांना पडल्यावर उचललं. दर रविवारी सकाळी गाडीला खराटा बांधून वळणावळणावरची खडी झाडायला आपण जातो, तीही त्यांचीच कल्पना. लोक विचारायचे, नगरपालिकेत लागलात का? काका म्हणायचे, हो, बिनपगारी.

पण खडी झाडून जे होत नाही ते कायद्यानंच व्हावं लागतं, हेही काकांनीच आम्हाला शिकवलं. ताई, तुम्ही रस्ता सुरक्षा कायद्याच्या मसुदा समितीवर आहात, तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. वळणावर लोखंडी कठडा असतो. तो मोटारीला अडवतो. दुचाकीवरून पडलेला माणूस मात्र घसरत त्याच्या खाली जातो आणि खांबावर आदळतो. खाली आणखी एक पट्टी बसवली की माणूस खांबापर्यंत पोचतच नाही. एवढंच आमचं कलम. या एका पट्टीसाठी काकांनी विधिमंडळाचे किती उंबरठे झिजवले! शिकवणी बंद ठेवून गेले, बाकावर बसून डबा खाल्ला, 'साहेब जेवायला गेलेत' हे ऐकून परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

माझे यजमान त्या घाटाच्या वळणावर असेच कठड्याखाली गेले. गाडी कठड्याला अडकून उभीच राहिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी गाडी लावून आडोशाला गेलाय. सगळे पुढे गेले. थांबले फक्त क्लचकाका. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. त्या 'जरा आधी'वर ही संघटना उभी राहिली. आपला पहिला नियम तिथला आहे: थांबलेली दुचाकी दिसली की सगळ्यांनी थांबायचं. विचारल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

आणि त्याच नियमानं आपला घात केला. समितीपुढच्या सुनावणीच्या दिवशी आपण सगळे वेळेच्या कितीतरी आधी निघालो होतो. हमरस्त्यावर एक गाडी थांबलेली दिसली. काका थांबले, मागून आपण सगळे थांबलो. तो तरुण फोनवर होता. होणाऱ्या सासऱ्यांची समजूत काढत होता बिचारा! इतकी हेल्मेटं भोवती जमल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले. हसा, हसा, मलाही तेव्हा हसू आलं होतं. पण तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. मोर्चा आहे का, परवानगी कुठाय? मग एकेकाचं लायसन्स, एकेकाची कागदपत्रं. आपण पोचलो तेव्हा शिपाई चहाचे कप गोळा करत होता. इतिवृत्तात नोंद झाली: संघटनेतर्फे कोणीही उपस्थित नव्हते. कलम मसुद्यातून गेलं.

एकानं थांबावं आणि बाकीच्यांनी पुढे जावं, एवढं साधं कुणालाच का सुचू नये? सुचलं नाही, कारण तशी सवयच नाही आपल्याला. पण त्याच आठवड्यात काकांनी राजीनामा दिला आणि आपण तो मंजूर केला. चहापाण्याच्या खर्चासारखा, हात वर करून. आणि आता निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ! उशीर झाला म्हणून जाणाऱ्या माणसाला घड्याळ देताना कुणाची जीभ कशी अडखळली नाही? भाऊ, मान खाली घालू नका, निवड सगळ्या कार्यकारिणीची होती.

आता मुद्द्यावर येते. ताईंनी शब्द टाकला म्हणून उद्या सकाळी समिती आपलं म्हणणं ऐकणार आहे. शेवटचं. बोलण्याची परवानगी काकांच्या नावानं आहे, ती बदलून मिळत नाही. आणि काका म्हणतात, मी जाणार नाही. काल मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. म्हणाल्या, "बघ बाई, तुझं तरी ऐकतात का." काका पाठमोरे बसले होते. म्हणाले, "वहिनी, मला तिथं दाखवायला तोंड राहिलं नाही. तुम्ही बोला."

मी बोलू? परवानगी मिळाली तरी मी बोलू? मागे एकदा उभी राहिले होते समितीपुढे. यजमानांचा विषय निघाला आणि पुढचा शब्द फुटेना. सगळे फार चांगले वागले. मला पाण्याचा ग्लास मिळाला, कलम मिळालं नाही. तिथं कोरड्या आवाजाचा माणूस लागतो, काका. तुम्ही लागता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना 'नीट दिसतंय का' विचारते. मला सध्या डोळ्यांपुढे ते वळण सोडून दुसरं काही दिसत नाही. माझ्या मुलीला घाटापलीकडे नोकरी लागली आहे. ती दुचाकीनं जाते. दुसरी सोय नाही. मी तिला म्हटलं, गाडी वीक, नोकरी सोड. ती म्हणाली, "आई, घर कशावर चालवशील? आणि मी हळू जाते गं." तिचे बाबाही हळूच जायचे. तेव्हा वळणावर सांडलेलं तेल होतं. ते काही माणूस बघून सांडत नाही. ती घरी येईपर्यंत मी गॅसपाशी उभी असते आणि भाजी करपते. मला भीती वाटते, काका. सरळ सांगते, माझ्यात आता त्राण उरलेलं नाही.

नाही, काका, मान हलवू नका. तोंड नसेल तर खाली बघून बोला. शरमेनं बोला, चिडून बोला, वाचून दाखवा. पण जा.

अध्यक्ष महाराज मघापासून चिठ्ठी सरकवताहेत, तेव्हा आवरतं घेते. ताईंचे, सभागृह देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि एवढा वेळ माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाचं भाषण करायला उभी राहिले आणि निरोप काही दिला नाही, ही रीत सोडून झालेली गोष्ट आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. सुनावणी बुडाली, तेही आम्ही केव्हाच पोटात घातलंय. पण काका, उद्या सकाळी तुम्ही घरी बसलात, तर तेवढं मात्र माझ्याच्यानं पोटात घातलं जाणार नाही.