नांदेडला गेलेला आवाज

काचीगुड्याच्या दवाखान्यात गीता आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर साठीचं एक जोडपं होतं. नवरा सारखा खाकरत होता आणि बायको फोन मांडीवर पालथा घालून बसली होती.

“विमला, आदर्शनं नांदेडहून गाणं पाठवलं का?”

“सकाळीच आलं.”

“पेटी कशी वाजवली त्यानं?”

“झकास. गाणं हैदराबादेत, पेटी नांदेडात, पण एकाच खोलीत बसल्यासारखं वाटतं.”

“मग लाव की.”

“इथं नक्को. लोक आहेत.”

“हळू लाव.”

पेटीचे सूर आले आणि मागोमाग एका बाईचा खणखणीत आवाज.

“हा तर तुझा आवाज आहे.”

“हौ.”

“आणि माझा?”

“मागं आहे. कोरसमध्ये.”

“अकरा वेळा गायलो मी.”

“अकराही वेळा चाल चुकली. म्हणून मी नुसतं गाऊन दाखवलं.”

“ते फोनमध्ये कसं गेलं?”

“बटण दाबलं की जातंच.”

“कुणी दाबलं?”

“मी. नांदेडला पाठवलं तेही मीच.”

गीतानं ओढणी तोंडाशी धरली. नवऱ्यानं फोन कानाशी धरून गाणं पुन्हा ऐकलं.

“नागोराव सोनकांबळे,” नर्सनं हाक मारली. “घसा दाखवायचाय ना?”

“सिस्टर, नंबर माझा आहे, पण घसा हिचा बघा.”

“अहो, मला काय झालंय?”

“काही होऊ नये म्हणूनच. उद्या दुसरं कडवं पाठवायचंय.”