आत्याबाईंची साक्ष

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूला, मी आता कुणाच्या बारशातही फार बोलू देत नाही. का ते ऐका.

ह्यांच्यावर शेजाऱ्याचं डोकं फोडल्याचा खटला होता. त्या दुपारी हे घरीच होते, एवढंच आत्याबाईंनी कोर्टात सांगायचं होतं. वकिलांनी दहांदा बजावलं, "आजी, लेकाची तारीफ करू नका. तुम्ही चांगुलपणा काढलात, की सरकारी वकिलाला जुनं वाईट काढायची मोकळीक मिळते. तोवर कायदा त्याचं तोंड धरून ठेवतो." पौडपासून एसटीत मी त्यांच्याकडून तेच घोकून घेतलं. मांडीवर तान्हं रडतच होतं.

पिंजऱ्यात उभं राहून आत्याबाई म्हणाल्या, "घरीच हुता, सायेब. माझा लेक गाईवाणी गरीब हाय. मुंगीलाबी दुखवत न्हाई."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. सरकारी वकील हसत उठले. "मग आजी, मागं जत्रेतल्या मारामारीत शिक्षा कुणाला झाली?"

"त्यालाच की! पर लई न्हाई मारलं. येकच हात मोडला."

हे तुरुंगात गेले. यंदाची भातलावणी मी एकटीनं उरकली, पोर बांधावर निजवून.

परवा आत्याबाई बाळाच्या गालाला काजळाची तीट लावत होत्या. म्हणाल्या, "पोराला कुनी गुनाचं म्हनलं, की लगीच दृष्ट लागती बग."

मी म्हटलं, "आत्याबाई, कोर्टात जायच्या आधी तुमच्या लेकालाच लावायची होती."