सरड्याचा वाटा

अस्मिता : आप्पा, पेपर जरा खाली ठेवा. काल रात्रीची पोळी कुणी खाल्ली?

आप्पा : मी. तू वाढलीस, मी खाल्ली. शाकसुद्धा छान झालं होतं.

अस्मिता : कसलं होतं शाक?

आप्पा : दुधीचं.

अस्मिता : दोडक्याचं होतं.

आप्पा : दोन्ही हिरवंच की.

अस्मिता : सरड्याला खायला अळ्या काढाव्यात म्हणून आत्ता त्यांच्या बादलीत हात घातला. वर सालींचा थर, आणि खाली तुमची अख्खी पोळी, घडीसुद्धा न मोडलेली. भात तर चांगला थापून बसवलाय. सासरे आहात म्हणून गप्प बसणार नाही मी आज.

आप्पा : इतर वेळी कधी बसतेस?

अस्मिता : आई गेल्यापासून तुमचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागलाय. डॉक्टर मला विचारतात, बेन, घरात जेवायला देता ना? काय सांगू त्यांना?

आप्पा : सांग, सासरा म्हातारा झालाय.

अस्मिता : आणि निरुपमाबेनना काय सांगू? सकाळी दारात उभ्या होत्या. त्यांच्या गॅलरीत आपल्या अळ्या गेल्या. जैन माणसं ती, केरसुणी लावायचीसुद्धा चोरी. एकेक अळी कागदावर उचलून वाटीत घातली आणि आणून दिली मला. म्हणाल्या, अस्मिताबेन, आ तमारी छे, या तुमच्या.

आप्पा : वाटी पुढे कुणाच्या पोटात जाते ते सांगितलंस त्यांना?

अस्मिता : नाही सांगितलं. हसू नका. शिजलेलं अन्न घातलं की बादलीला पाणी सुटतं, आंबतं. अळ्यांचा जीव गुदमरतो, मग त्या बाहेर पळतात. मला आठवडाभर कळेना, साली त्याच, झाकण तेच, मग वास कसला येतोय.

आप्पा : म्हणजे ते माझ्या भातामुळे होय?

अस्मिता : मग कुणाच्या?

आप्पा : अरेरे. मी तर त्यांचं भलं करत होतो.

अस्मिता : कुणाचं?

आप्पा : अळ्यांचं. म्हणजे त्या सरड्याचंच.

अस्मिता : तुम्ही? ही बादली आणली त्या दिवशी कोण म्हणालं होतं, घरात माश्यांची पिल्लं पाळणार असाल तर मी दांडिया बाजारात भावाकडे राहायला जातो म्हणून? पिशवी भरून दारापर्यंत गेला होतात.

आप्पा : चप्पल सापडली नाही म्हणून राहिलो.

अस्मिता : चप्पल पायातच होती.

आप्पा : अगं, तेव्हा मला काय ठाऊक? माशी म्हटलं की मला मिठाईवरची माशी दिसते. ही काळी लांबट माशी घरात फिरकत नाही, कशावर बसत नाही, हे तू नंतर सांगितलंस. आणि त्या सरड्याकडे तरी बघवत होतं का? गोत्रीच्या पोरांनी खोक्यात घालून साखरपाण्यावर ठेवलेला, तू सोडवून आणलास. पाय मऊ पडलेले, फांदी धरली की सुटायची.

अस्मिता : हाडांत कॅल्शियमच उरलं नव्हतं. युनिव्हर्सिटीतल्या सरांनी सांगितलं म्हणून तर या अळ्या. यांच्या अंगातच असतं ते.

आप्पा : हो ना. मग दुपारी तू शाळेत, आमचे चिरंजीव निहार आठवडाभर दहेजला प्लँटवर. गॅलरीत मी आणि तो. कढीपत्त्याच्या कुंडीत बसून एक डोळा माझ्यावर, दुसरा अळ्यांच्या वाटीवर. तासभर हलायचा नाही. मला वाटायचं, गेला. आणि एकदम जीभ यायची बाहेर. तो जेवला की मला बरं वाटतं, अस्मिता. मग म्हटलं, तो अळ्या खातो, पण अळ्यांनी काय खायचं?

अस्मिता : साली खायच्या.

आप्पा : सालीने कुणाचं पोट भरतं?

अस्मिता : त्यांचं भरतं.

आप्पा : आता कळलं.

अस्मिता : आप्पा, खरं सांगा. त्यांच्यासाठी ठेवत होतात, की तुम्हालाच जेवण जात नाही?

आप्पा : आधी जात नव्हतं. मग हे कारण सापडलं.

अस्मिता : मला भीती वाटते हो. ताटावर बसता, घास चिवडता आणि उठता. एक दिवस असेच उठून जाल असं वाटतं. निहारला मी अजून काही बोललेली नाही. आज एसटीडी लावून सांगणार आहे.

आप्पा : त्याला नको सांगूस. तुला सांगतो. जेवायला बसलो की मी ताटाच्या उजवीकडे चित्राहुती घालायचो, आठवतं?

अस्मिता : भाताचे ते छोटे छोटे घास. हो.

आप्पा : माझं जेवण झालं की तुझी सासू ते उचलून कठड्यावर ठेवायची, चिमण्यांना. मी हात धुऊन येईपर्यंत जागा साफ. इतक्या वर्षांत मी एकदाही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. ती गेल्यावर दिवसवार झाले, आणि मी पहिल्यांदा नेहमीसारखा जेवायला बसलो. आहुती घातल्या, जेवलो, हात धुऊन आलो. त्या तिथेच.

अस्मिता : मग?

आप्पा : मग तू ताट उचललंस, टेबल पुसलंस. फडक्यात गेल्या.

अस्मिता : आप्पा, मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या माहेरी कुणी घालत नाही.

आप्पा : तुझी काही चूक नाही गं. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी घातल्या नाहीत. आणि त्या घातल्या नाहीत की जेवायला सुरुवात केल्यासारखंच वाटत नाही. नुसता बसून राहतो.

अस्मिता : मला सांगायचं होतं.

आप्पा : काय सांगू? सूनबाई, भाताची शितं उचल म्हणून?

अस्मिता : हो. तेवढंच सांगायचं होतं.

आप्पा : सरडा कधी सोडायचाय?

अस्मिता : जंगल खात्याचे साहेब म्हणाले, पाय घट्ट झालेत, पाऊस ओसरला की सोडा. गोत्रीला आता झाडं कुठे राहिलीत? तिकडे सिंधरोटला, मही नदीच्या काठी नेऊ.

आप्पा : मग बादली टाकून देणार?

अस्मिता : नाही. खत होतं तिच्यातून. आईंच्या मोगऱ्याला घालते मी.

आप्पा : बरं. वरण झालंय?

अस्मिता : कुकर आत्ताच उतरवला.

आप्पा : मग पानं घे. आज आहुती घालतो. झालं की उचल आणि त्या बादलीत टाक. शेवटची आहुती तर सगळ्या भूतमात्रांचीच असते, तिथे चिमण्याच हव्यात असं कुठे आहे? तेवढ्या भाताने आंबणार नाही ना?

अस्मिता : तेवढ्याने नाही आंबायचं.

आप्पा : निरुपमाबेनना त्रास नको.

अस्मिता : नाही होणार. आणि ताटातलं?

आप्पा : ताटातलं माझं. तू जरा समोर बस.