थँक्सगिव्हिंगचा तो चेंडू

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी हाताला प्लॅस्टर घातलेल्या एक आजी, त्यांच्या पलीकडे एक धिप्पाड माणूस. आजींनीच त्याच्याशी बोलायला सुरुवात केली.

"तुला काय झालंय रे?"

"मान धरलीये, आजी. बारा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळलो ना, आपल्याच शहराच्या टीमकडून."

"थापा मारू नकोस. चाळीस वर्षांत एक सामना चुकवलेला नाही मी. नाव काय तुझं?"

"डेल व्होइट."

"कधी ऐकलं नाही."

"किक मारणाऱ्याकडे चेंडू फेकायचो. वाकून, दोन पायांमधून मागे."

"एवढंच?"

"एवढंच. चुकलो नाही की आमचं नाव कुणी घेत नाही."

"म्हणजे कधीच चुकला नाहीस?"

"एकदा चुकलो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला. किक मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला चेंडू, आणि सामना हरलो."

"अगंबाई! तो गाढव तू?"

"मीच तो."

"आमच्या ह्यांनी टर्कीची तंगडी टीव्हीवर भिरकावली होती. मरेपर्यंत 'त्या गाढवा'च्या नावानं खडे फोडत होते."

"सॉरी, आजी."

"राहू दे. हे पेन घे, प्लॅस्टरवर सही कर."

"माझी? आजवर कुणी मागितली नाही."

"मग नीट कर. या खेपेला चुकू नकोस."