गिरणीतला नंबर

दहिवलीच्या भातगिरणीत छाया नंबर लावून उभी होती. गिरणीवाला ऋषिकेश आता इंटरनेटही जोडून द्यायचा; त्यानंच सुचवलेल्या प्लॅनचा भरलेला अर्ज तिच्या हातात होता. पुढं जयवंताकाकींची त्याच्याशी जुंपली होती.

"काकी, हाच प्लॅन घ्या. कंपनीच्या यादीतली ॲप सगळी सुसाट चालतात."

"आनि माज्या नातीचा मोबाइलवरचा नर्सिंगचा क्लास?"

"तो यादीत नाय. जरा अडकत चालंल."

"का रं? तार तर येकच ना?"

"तार येकच. पुढं कोणाला सोडायचं ते कंपनी ठरवते."

"तुजा बा हितंच भात भरडायचा. सरपंचाची पोती आली म्हनून माजं पोतं कदी बाजूला सारलं त्यानं?"

"नाय."

"काय म्हनायचा?"

"नंबर म्हणजे नंबर."

"मंग?"

ऋषिकेशनं गिरणी बंद केली.

"साधा प्लॅन पण हाय, काकी. त्यात सगळं सारखंच चालतं. मला कमिशन कमी, म्हणून कोणाला सांगत नाय."

"आज सांगितलंस ना? लिव माजं नाव."

छायानं हातातला अर्ज उलटा केला, कोऱ्या बाजूवर काकींचं नाव लिहिलं, त्याखाली आपलं, आणि पेन मागच्या बाईकडं दिलं.