आबांची टाच

हॅलो? … आबा, कुठवर आलात? मी दवाखान्याच्या दारात उभी हाय. … घरीच? अहो, जिंतूरहून साडेदहाची एसटी कवाच निघाली. आज टाचेच्या लेझरचा सहावा आठवडा. दीपिका मॅडम मशीन लावून बसल्यात.

… हो. … हो, ऐकायले मी. … चटका बसत न्हाई म्हणून? … मी कवा म्हणले डाग देणार म्हणून? मी लेझर म्हणले. डाग तुमच्याच डोक्यात.

ऐका ना. … न्हाई, आधी ऐका. मेंढी लंगडायली की तुमी सळई तापवून डागता, तसलं हे न्हाई. हा बारीक लाल उजेड हाय. त्यानं जखमेच्या कडंच्या मांसाला जोर येतो, नवं मांस धरतं. … पोळायचंच नसतं आबा. … तो काळा चष्मा डोळ्याला उजेड लागू नये म्हणून. सोंग न्हाई करत मॅडम.

मागं कोण बोलायलंय? … सिताराम काका? ते कशाला आले? … चुलीत काय ठेवलंय?

… आबा. ती सळई पायाला लावायची न्हाई.

… दुखणार कसं? साखरेनं पाय बधिर झालाय तुमचा. जखम कशी झाली, विसरलात? तापल्या खडकावर उभे राहिलात, टाच भाजली, अन् मायनं दाखवली तवा तुमाला कळलं. आता परत भाजा. पाय घोट्यापासून काढावा लागंल, हे डॉक्टर तुमच्या तोंडावर बोलले. मग मेंढरामागं कोण, काका जाणार?

… मायला द्या फोन. … माय, तू बी बसून बघायलीस व्हय? … त्यांचं राहू दे. आबांची दवाखान्याची फाईल आण, निळी. … फडताळात, पिठाच्या डब्यामागं. … त्यात पारदर्शक प्लास्टिक हायेत ना, जखमेवर ठेवून मॅडम पेनानं कड काढतात ती? पहिलं अन् शेवटचं आबांच्या हातात दे.

… आबा, एकावर एक ठेवा. उजेडाकडं धरा. … दिसलं? … अहो, पेन तेच, बाई तीच. … न्हाई, मनानं न्हाई काढत, जखमेवर ठेवूनच काढतात.

… पहिलं लिंबाएवढं व्हतं. अन् आता? … मोठ्यानं सांगा, काकाला बी ऐकू द्या. … हां. बोराएवढं. निस्त्या उजेडानं न्हाई, ड्रेसिंग अन् साखरेची गोळी बी हाय. पण कमी झालंय ना?

मग साडेबाराची धरा. पट्टी सोडायची न्हाई, वर हळद दाबायची न्हाई. मी मॅडमला थांबवते. … हो. … हो आबा, चप्पल घालून.

… सळई? पाण्यात टाका की. … लाल झाली तर झाली, वाया जायला ती काय भाकर हाय? … दुसऱ्या कोणाला डागता? … काकाचा गुडघा? … आबा, काकाला फोन द्या. … काका, धोतर गुडघ्याखाली घ्या आधी. … काका? … हॅलो? … हॅलो?